बाईंना बोलव

काजवाली : दोनच शब्द, बाई. ‘मुलगा निघालाय.’ एवढं म्हणा आणि बाहेर या.

मोठ्या बाई : त्याचा जीव जाऊन आज नऊ दिवस झाले.

काजवाली : हळू! भिंतीपलीकडेच खाट आहे चिमणीची. डॉक्टर म्हणाले, उद्याचा दिवस निघाला तर निघाला.

मोठ्या बाई : मग तू सांग. नऊ दिवस तूच सांगते आहेस.

काजवाली : मी सांगितलं की ती छताकडे बघत राहते. ‘बाईंना बोलव,’ म्हणते. तीस वर्षं शिवणखात्यात तुम्ही आमचा एक वाकडा टाका चालवून घेतला नाहीत. तुमच्या शब्दावर तिचा जीव शांत होईल.

मोठ्या बाई : तोच शब्द मी देवासमोर ठेवला आहे. असत्य माझ्या तोंडून निघणार नाही.

काजवाली : तुमचा देव एवढंही पोटात घालणार नाही?

मोठ्या बाई : घालेल. तो घालेल म्हणून मी बोलायचं का? उद्या ती त्याच्यापुढे उभी राहील. तिच्या पदरात मी खोट्याची शिदोरी बांधू?

काजवाली : शिदोरी कसली, घोटभर पाणी मागतेय ती! मला तुमच्यासारखं बोलता येत नाही, मी आपली काजं करणारी. पण हाच पोर तान्हा असताना कापडाच्या गठ्ठ्यावर निजायचा. मशीन थांबवून तुम्ही त्याला मांडीवर घ्यायचात.

मोठ्या बाई : ते तू मला सांगू नकोस.

काजवाली : मग?

मोठ्या बाई : जवळ बसेन. तिनं विचारलं, तर जे आहे ते सांगेन.

काजवाली : मग आत जाऊच नका. पाया पडते तुमच्या.

मोठ्या बाई : तिनं बोलावलं आहे. बाजूला हो.

(आतली खोली. मोठ्या बाई खाटेजवळ स्टूल ओढून बसतात.)

चिमणी : आलात, बाई? किती वाळलात!

मोठ्या बाई : माझी चौकशी पुरे. काय विचारायचं होतं?

चिमणी : माझ्याकडे बघत नाही आहात तुम्ही.

मोठ्या बाई : विचार, चिमणे.

चिमणी : नको. तुम्ही नुसत्या बसा. काजवालीला हाक मारा.

मोठ्या बाई : तिला कशाला?

चिमणी : तिला विचारते. ती ‘येतोय’ म्हणते.