पुसलेली पार्वती

तुम्ही हसाल, पण त्या सकाळी मी खरंच घाबरलो होतो.

फोटो विकणाऱ्या साइटला फोटोत नावं चालत नाहीत. म्हणून शेजारच्या सुलूच्या होडीवरचं ‘पार्वती’ हे तिच्या आईचं नाव मी एडिटिंगमध्ये पुसलं होतं. ती मासळी मागायला आलेल्या मांजराला हाकलत आत आली आणि तिनं स्क्रीन पाहिली.

“सर, माझ्या आवशीचा नाव खंय गेला?”

“फक्त फोटोतून गेलंय गं.”

“घोव माझो दर्यात आसा. दहा वाजले, होडी अजून येवक नाय. आणि तुम्ही नाव पुसून बसलात?”

भौतिकशास्त्र शिकवण्यात माझा जन्म गेला, पण तिला समजावता समजावता मीच घड्याळ बघू लागलो.

“आधी नाव घाला आणि तसोच धाडा!”

मी नाव परत आणलं, फोटो पाठवला. इतक्यात किनाऱ्यावरून तिच्या नवऱ्याची हाक आली, “सुलू गो!” वाटेत इंजिन बंद पडलं होतं, एवढंच. योगायोग, मी म्हणालो. मोठ्यानं नाही.

चार दिवसांनी साइटनं फोटो नाकारला. सुलूनं कारण विचारलं.

“होडीवर नाव दिसतंय म्हणून.”

“दिसता मां? मग झाला.”