ऑफिसच्या जवळचं घर

दवाखान्यात बसलेल्या शिंपीणबाईंनी वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण कान शेजारच्या बाकाकडेच लागले होते. तिथे तान्ह्या मुलीला घेऊन आलेलं जोडपं आणि नवऱ्याची मोठी बहीण बसली होती.

“नव्या शहरात घर ह्याच्या ऑफिसजवळच घ्या गं.”

“ताई, तिथे नुसती गोदामं आहेत.”

“तुला कुठे बाहेर जायचंय?”

“म्हणजे? नोकरी मी सोडली, माणसं मी सोडली, आता भिंतींशी बोलत बसू?”

“हळू बोल. लोक ऐकताहेत.”

“ऐकू देत!” ती नवऱ्याकडे वळली. “अहो, घर बघून आलात ना? शेजारी कुणी राहतं तरी?”

“ते... विचारायचं राहिलं.”

“मग बघितलंत काय?”

“पार्किंग. छान आहे.”

“पार्किंग? अरे, बायकोला काय तिथे उभी करून ठेवणार आहेस?” ताई कडाडल्या.