बोलणाऱ्या कॉम्प्युटरची जागा

साल नव्याण्णव. कराडच्या स्टँडवर सांगलीच्या एसटीचा पत्ता नव्हता. कंटाळलेल्या मेहरुनबीच्या बाकड्यावर पांढरी काठी घेतलेली एक कॉलेजातली पोरगी आणि तिचा मामा येऊन टेकले. मेहरुनबीनं पानाची चंची उघडली, पण त्या दोघांच्या बोलण्याकडं कान लागला आणि ती तशीच हातात राहिली.

"झाला का गं अभ्यास, आम्रपाली?"

"डोंबलाचा अभ्यास, मामा!"

"का? विद्यापीठानं इंग्रजीच्या नोट्सची फ्लॉपी दिलीया न्हवं? त्यो बोलणारा कॉम्प्युटर वाचून दाखवतोय म्हनं."

"वाचतोय की. पण ठेवलाय कुठं? लायब्ररीत!"

"मग?"

"मग काय! त्यानं तोंड उघडलं की लायब्ररीचे सर येऊन आवाज बंद करत्यात."

"अगं, पण त्यो बोलायसाठीच आणलाय न्हवं?"

"मीबी तेच म्हटलं. तर म्हणाले, बाकीच्यांना त्रास होतोय."

"कानाला लावायचं असतंय की कायतरी."

"हेडफोन? उद्घाटनाला पाहुण्यांनी लावून बघितला. तवापासनं कपाटात. महागाची वस्तू, बिघडंल म्हणत्यात."

"आन् परीक्षा कवा?"

"सोमवारी."

"आता काय म्हणावं ह्या लोकांना! आन् तू गप बसलीस?"

"गप कशाला बसते? आज परत बटण फिरवून आवाज वाढवला. तर खेकसलेच माझ्यावर. 'भिंतीवर एवढी मोठी पाटी लावलीय, दिसत नाही का?'"

"मग?"

"म्हटलं, न्हाई दिसत. काय लिवलंय, तेवढं वाचून दाखवा."

"दाखवलं?"

"न्हाई. म्हणाले, इथं मोठ्यानं वाचायला बंदी आहे."