माशावर दूध नको

मी मूळचा गुहागरकडचा. नववीत शाळा सुटली, चुलत्याने भाईंदरला आणून भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला लावलं, तिथंच आहे अजून. राहतो नया नगरला. खोलीतली बाकीची माणसं बिहारची, चांगली आहेत, पण त्यांच्याशी बोलायचं ते हिंदीत आणि वरवरचं. आतलं कुणाशी बोलू, काय सांगू तुम्हाला.

उत्तनला एक जण आहे, बोटीवर जातो. तो माझा माणूस, एवढंच म्हणतो. त्याला एचआयव्ही निघाला, तेव्हा त्यानेच मला हाताला धरून दवाखान्यात नेलं, म्हणाला माझं औषध आत्ताच चालू झालंय, गुण येईतो तुला लागता कामा न्हाय. तिथल्या मॅडमनी मला रोजची एक गोळी दिली, रोग लागूच नये म्हणून. देव त्यांचं भलं करो.

आता मला पित्त जुनं. छातीत आग उठायची, म्हणून कारखान्याजवळच्या डॉक्टरने सकाळी उपाशीपोटी घ्यायची गोळी दिली. इथं माझी मती फिरली. आयेने लहानपणापासून शिकवलेलं, माशावर दूध नको, अंगावर कोड उठतं. मासळी केली की त्या दिवशी आमचा चहासुद्धा कोरा. मी म्हटलं खाण्यातल्या दोन वस्तूंचं असं, तर औषधांचं काय होत असेल. आणि विचारायचं कुणाला? मेडिकलवाला आमच्याच तालुक्यातला, त्याला मॅडमची गोळी दाखवली असती तर बातमी माझ्याआधी गावात पोचली असती. म्हणून ज्या दिवशी पित्ताची घेतली त्या दिवशी मॅडमची नाय. खोलीतला शकील हसायचा, अरे कोकणी, तू खाना कम, दवा जादा खाता है.

पुढच्या खेपेला मॅडमनी विचारलं, गोळ्या उरल्या कशा? मी मासा-दूध सांगितलं. त्या आधी हसल्या, मग उरलेल्या गोळ्या मोजल्या. म्हणाल्या, अहो दादा, तुमच्या या गोळीला पित्ताच्या गोळीने काही होत नाही, दोन्ही घ्या. काही एचआयव्हीच्या औषधांना बाधा येते, म्हणून तुमच्या माणसाने मात्र पित्ताची गोळी आम्हाला विचारूनच घ्यावी. पण तुमचे खाडे पडलेत, आता तपासणी करू, आणि काही आठवड्यांनी परत.

पहिली तपासणी चांगली आली, रोग नाही. पण खरं काय ते परतच्या तपासणीत कळणार होतं. उत्तनच्या माझ्या माणसाला खाड्यांचं सांगितलं तर भडकला, अरे येड्या, आमी कोली, मासे खाऊन वर दूध पितो, बघ कुठं कोड हाय का? मग डोळे पुसले आणि म्हणाला, दुसरा रिपोर्ट येईतो मी तुझ्याकडं येणार न्हाय.

नाही आला.

काल दुसरीही चांगली आली. मॅडमचे पायच धरणार होतो. बाहेर येऊन त्याला फोन लावला, तर बोट समुद्रात, रेंज नाही. परत लावला. ही बातमी सांगायला दुसरं माणूस नाही हो मला. शेवटी आयेला लावला. ती म्हणाली, बाबू, पित्त कसं आहे? म्हटलं बरं आहे आये, औषध लागू पडलं. ती म्हणाली, ज्याने दिलं त्याचे हात सोन्याचे होवोत. मी हो म्हटलं, आणि रिपोर्ट घडी करून खिशात ठेवला. बोट आली की दाखवीन.