पट्टीवरचा ओरखडा

शहाण्णव साली नगरच्या डोळ्यांच्या दवाखान्यात रांगेत माझ्यापुढं एक नवरा-बायको बसले होते.

"मालन, त्या पट्टीवरचा ओरखडा बन्सीचा न्हवता. माझ्या हातचा हुता."

"ज्याच्यापायी नागापूरच्या वर्कशॉपातनं तुमच्या जोडीच्या बन्सीभाऊजींना कामावरनं काढलं, तो?"

"व्हय. त्या तीस लाखांच्या गाडीत आतून लाकडी पट्टी असती, तिला आमी पॉलिश करतो. औंदा दुसऱ्या कंपनीनं तिच्याहून भारी गाडी काढली. तवापासून आमचे गाडीवाले म्हनत्यात, केसाएवढा डाग चालनार न्हाई."

"मग?"

"मला तो दिसलाच न्हाई. सहा महिने झाले, जवळचं अंधुक दिसतंय. सगळा माल परत आला."

"अन् तुमी भाऊजींचं नाव घेतलं?"

"न्हाई. सायब म्हनले, हे बन्सीचंच काम. मी फकस्त मान डोलवली."

"भाऊजी काय म्हनले?"

"म्हनला, भीमराज, तुझी नजर पक्की; ती पट्टी तू तपासली असतीस तर ओरखडा सापडला असता."

बाईंनी पिशवी उचलली.

"उठा. आधी नागापूरला जाऊ."

"आता आपलाच नंबर हाय. डोळे दाखवून जाऊ."

"डोळे बरे झाले, की तुमी पुन्यांदा गप बसाल."

 तो उठला आणि हातातली नंबराची चिठ्ठी त्यानं माझ्यापुढं धरली.

"घ्या. तुमी जा आत."