छत्तिसावा दाता

मी मूळचा दवनीवाड्याचा, आता सौंदडले राहतो, नाव लिवा दशरथ, काम गाड्यायचा मेकॅनिक. आन तुम्ही प्रश्न कागदावर लिवून इचारता ते लय बरं करता, काऊन का मले डाव्या कानानं काहीच आयकू येत नाई आन उजव्यानं आमच्या घरवालीचं, कांताचं, तेवढं येते, ते बी ती चिडली तं.

आमचा बाप राईस मिलवर इंजनवाला होता. मी त्या इंजनाच्या बाजूले बोऱ्यावर झोपून लहानाचा मोठा झालो, कान तिथंच तयार झाले आन तिथंच गेले असतीन. बापाचं एकच सांगनं, दाता तुटलेलं चाक मशीनवर चढवाचं नाई, एक गेला का बाकीचे जातेत, आधी वेल्डिंगनं भराचं, कानस माराची, मंग चढवाचं. हे ध्यानात ठेवा.

काय सांगू तुमाले, कार्बोरेटर मी कानानं लावत होतो. डोळे मिटून स्क्रू फिरवाचा, आवाज गोल झाला का हात काढाचा, गोंदियाचे शेठलोक बी माझ्याच दुकानात येत. मंग हळूहळू आवाजच येईना. गाड्या वापस येऊन रायल्या, धूर सोडते म्हने, पेट्रोल पिते म्हने. चौकातले बोलत, दशरथचा कान गेला, आता दुकान बी गेलं समजा. खोटं कायले सांगू, मी शटर पाडून रडलो बी.

केशोरीचे नामदेवभाऊ, त्यायची बापाच्या वेळची पांढरी अँबॅसिडर वीस साल माझ्याच हातची. मी म्हनलं, भाऊ, आता माझ्यानं होत नाई, गोंदियाले न्या. त्यायनं कागदावर लिवलं, तुह्या हातानं होईन तं होईन, नाई तं भंगारात देतो. मी मोबाईलवर पाहिलं होतं का कार्बोरेटर काढून कम्पुटरची डबी बसवता येते, पेट्रोल किती द्याचं, ठिनगी कवा पाडाची, सारं लॅपटॉपवर आपून ठरवाचं, आन सायलेन्सरमंदी सेन्सर बसते तो आकड्यात सांगते पेट्रोल जास्त झालं का कमी. म्हंजे कानाचं काम डोळ्यानं. मी कांताले म्हनलं, हे जमलं तं दुकान रायते, नाई तं दुकान बंद, चाब्या तुह्याजवळ.

सामान नागपूरच्या एका दुकानदारानं पाठवलं. त्यात इंजनाच्या पुलीवर बसवाचं दात्यायचं चाक होतं, त्यावरून डबीले कळते इंजन कुठवर फिरलं. पाहतो तं एक दाता गायब. मले वाटलं पार्सलमंदी तुटला. बापाची शिकवन, दाता भरला, अर्धा दिवस कानस मारली, असा भरला का नवा कोन्ता ते ओळखूच येऊ नये. मोठ्या ऐटीत चढवलं.

गाडी काही चालू होईना. तीन दिवस. स्टार्टर फिरते, पन इंजन पकडत नाई, लॅपटॉपवर फेऱ्यायचा आकडा शून्यावर बसून. वायरा तपासल्या, बॅटरी बदलली, नारळ बी फोडला. नामदेवभाऊ रोज येऊन बाकड्यावर बसत. चौथ्या दिवशी कांतानं दुकानदाराले फोन लावला. तो म्हने, हे मले कांतानंच मंग सांगतलं, चाकाचे दाते मोजा. तिनं मोजले, छत्तीस. तो म्हने, मी तं पस्तीस पाठवले. कांतानं माझ्याकडं पाहिलं. मंग माझ्या कानात अशी वरडली का साऱ्या चौकानं आयकलं, अजी, ते जागा रिकामीच ठेवाची होती, तिथूनच ते डबी मोजाले सुरू करते, तुमाले कोनी सांगतली एवढी कारागिरी. तो दुकानदार हासला असंन, मले थोडीच आयकू आलं.

दाता कापला. चाबी कांतानं फिरवली. मी बोनेटवर हात ठेवून उभा, आवाज नाई आला मले, पन हाताले कळलं, आन नामदेवभाऊ बाकड्यावरून उठून उभे झाले त्यावरून बी कळलं.

मंग खरं काम. लॅपटॉपवर चौकटीच चौकटी, धानाच्या बांध्या असतेत तशा, कोन्त्या बांधीत किती पानी, म्हंजे पेट्रोल, सोडाचं ते आपून पाहाचं. भाऊ गाडी चालवत, मी बाजूले मांडीवर लॅपटॉप घेऊन, नवेगावच्या रस्त्यावर चार दिवस एकेक बांधी भरली. ज्या चढावर ते गाडी दम टाके तिथं तिसऱ्या गियरमंदी वर गेली. वर जाऊन भाऊनं गाडी थांबवली, खिशातून कागद काढला आन लिवलं, माह्या बापाच्या हातात बी अशी चालली नाई. तो कागद दुकानात लावला हाये, पाहा तुमच्या डोक्याच्या वर.

आता गोंदियाचे लोक बी वापस आले, रायपूरहून एक जीप येऊन उभी हाये. तेच चौकातले आता मले इंजिनिअरसाहेब म्हनतेत, म्हनू द्या, आपलं काय जाते. कापलेला दाता बापाच्या फोटोपाशी ठेवला. बापाचं चूक नव्हतं, राईस मिलच्या चाकाले सारेच दाते लागतेत. पन एखादं चाक असं बी असते का जे नाई त्यावरूनच त्याले ठिकाना सापडते. मले बी कान गेले म्हनूनच हे सापडलं, नाई तं मी अजून स्क्रूच फिरवत रायलो असतो.

चहा घेऊन जा. तुमचं बी बरं चालो. आन हे छापाल तं मोठ्या अक्षरात छापा, आता डोळेच पुरवून वापराचे हायेत.