घरी ठेवलेला साखरेचा रिपोर्ट

आमच्या तात्याकाकांची गंमत तुम्हाला सांगायची राहिलीच. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी त्यांना मसुऱ्याहून गोव्याला नेलं. पिशवीत झाडून सगळे कागद होते, फक्त मालवणच्या दवाखान्यातला साखरेचा रिपोर्ट त्यांनी मुद्दाम घरी देवाच्या फोटोमागे ठेवला होता.

"तो बघलो तर डॉक्टर ऑपरेशन फुडे ढकलतलो. माका जत्रा नीट दिसाक व्हयी!"

तिथे हॉस्पिटलात खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "दुसऱ्या दवाखान्यांतले जुने रिपोर्ट कॉम्प्युटरवर मागवायला तुमची परवानगी लागेल. मोबाईलवर आलेला नंबर सांगा." काकांनी तो माझ्याकडून वाचून घेतला आणि ऐटीत सांगून टाकला.

डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, "काका, मालवणला तुमची साखर बरीच वाढलेली दिसते. आधी ती खाली आणू, मग डोळा."

काका माझ्यावर उखडले. "तू सांगलंस?"

"मी नाय. परवानगी तुम्हीच दिलीत!"

काकांनी मुकाट्याने पथ्य धरलं. साखर उतरली, आणि जत्रेआधी ऑपरेशनही झकास झालं. जत्रेत मी त्यांच्यापुढे गुळात घोळलेल्या खाज्याचा पुडा धरला. हात पुढे आला आणि तसाच मागे गेला.

"नको रे! हय खाल्लंय तर थंय गोव्यात दिसतला!"